एकशे शहात्तर कुणाचे?

'हे उपकरण जोडण्यास तुमच्या प्रशासकाने मनाई केली आहे.'

रविवारी सकाळी, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी स्वतः आणलेल्या संगणकाच्या पडद्यावर हे वाक्य उमटलं आणि मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. वाक्य तेच होतं. घरात माणसं दोन, मी आणि बायको. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रशासक कोण याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नव्हती, म्हणून मी ते वाक्य स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं वाचलं. ती आतूनच म्हणाली की मी कशाला मनाई करीन, मीच तर फोटो छापून मागितलाय.

फोटो नातीचा. मुलगी परगावी असते. नातीला पहिला दात आला, त्याचा फोटो तिनं पाठवला होता आणि बायकोचं म्हणणं एवढंच होतं की तो मोबाइलमध्ये न राहता कपाटाच्या दारावर लागावा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलं असतं तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. पण मेहुण्यानं नवा प्रिंटर घेतल्यामुळे त्याचा जुना आमच्याकडे आला होता, कार्यालयानं काढून टाकलेला एक संगणक मी लिलावात उचलला होता, आणि अशी दोन-दोन यंत्रं घरात असताना स्टुडिओची पायरी चढणं मला कमीपणाचं वाटलं. प्रिंटरच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं, प्लग अँड प्ले. म्हणजे खोचा आणि खेळा. मी खोचलं. खेळ त्यानंतर माझा झाला.

आमच्या शेजारच्या दारात सेटिंगकाका राहतात. ते निवृत्त आहेत. कशातून, ते त्यांनी कधी नीट सांगितलेलं नाही. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. जगातली कुठलीही वस्तू नीट चालत नसेल तर तिच्या सेटिंगमध्ये काहीतरी आहे, असं त्यांचं ठाम मत. लिफ्ट अडकली, सेटिंग. गीझर तापेना, सेटिंग. तळमजल्यावरच्या नवराबायकोंचं भांडण जिन्यापर्यंत आलं तेव्हाही काका माझ्या कानाशी लागून म्हणाले होते की सुरुवातीलाच सेटिंग बघून घ्यायला हवं होतं.

ते आले, खुर्ची ओढली आणि संगणकाच्या पोटात शिरले. तिथं यंत्रांची एक लांबलचक यादी निघाली आणि तळाशी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह घालून लिहिलं होतं, 'अनोळखी उपकरण'. मेहुण्याकडून आलेल्या वस्तूला अनोळखी म्हटल्याचं बायकोला जरा लागलं. काकांनी तिची समजूत घातली. नवीन यंत्र लावलं की सिस्टीमनं ते आपणहून ओळखायचं, त्याचं नावगाव विचारायचं, त्याला चालवणारा ड्रायव्हर शोधून आणायचा आणि दोघांची गाठ घालून द्यायची, अशी मुळात रीत असते. पण आमच्या कार्यालयानं हे ओळख करून घेण्याचं खातंच बंद करून ठेवलं होतं. नाहीतर कर्मचारी घरून पेनड्राइव्ह आणून कामाच्या वेळात सिनेमे बघतात. सिनेमे बघणाऱ्यांत मी नव्हतो, हे मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं. बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातल्या संगणक कक्षात गेलो. तिथले साहेब माझ्या मुलीच्या वयाचे. खोली इतकी थंड की साहेब बारा महिने स्वेटर घालून बसतात. मी अडचण सांगितली आणि ती मनाई उठवायचा पासवर्ड मागितला. साहेबांनी विचारलं, यंत्र निर्लेखित, म्हणजे दप्तरातून कमी, झालंय का? मी म्हणालो, झालंय, म्हणून तर लिलावात निघालं. मग साहेबांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की निर्लेखित झालेलं यंत्र कार्यालयाच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतं, आणि अस्तित्वात नसलेल्या यंत्राचा पासवर्ड देता येत नाही. मी म्हणालो, ते माझ्या टेबलावर आहे, कालच मी त्याच्यावर कोपर टेकून बसलो होतो. त्यांचं म्हणणं पडलं की तसं मी लेखी देऊ शकतो, पण मग ते अस्तित्वात आहे असं होईल आणि लिलाव रद्द करून यंत्र परत मागवावं लागेल. म्हणजे मी अस्तित्वात नसलेली वस्तू विकत घेतली का, असं मी विचारलं. साहेबांनी थोडा विचार केला आणि तो लेखा विभागाचा प्रश्न आहे म्हणून सांगितलं.

मी खुर्चीतून उठलो. उभी हयात या कार्यालयात काढली. आता मी स्वतः तरी कागदोपत्री आहे की नाही, अशी शंका मला दारापर्यंत जाताना आली. तेवढ्यात साहेबांना माझी दया आली असावी. त्यांनी हळूच सुचवलं, सगळं पुसून टाका आणि नवीन सिस्टीम घाला, म्हणजे प्रशासक तुम्हीच.

त्या संध्याकाळी काकांनी नवीन सिस्टीम घातली. ती एकेक प्रश्न विचारत होती. नवीन उपकरण दिसल्यास काय करावं? आधी विचारावं, कधीच जोडू नये, की नेहमी जोडावं? काकांनी 'नेहमी'वर टिचकी मारली. तारेनं जोडलेलं असेल तर? नेहमी. बिनतारी असेल तर? नेहमी. मी म्हणालो, एकदोन ठिकाणी आधी विचारू द्यायला काय हरकत आहे, पण काका म्हणाले की इतके दिवस तुम्ही बंद दारामागे होतात, आता जरा हवा येऊ द्या. शिवाय कुठल्याही यंत्राची भाषा समजणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच्या संग्रहातून काढून त्यात घातला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून जे सापडेल ते बोलून दाखवायचीही सोय केली. संगणकातून एक बाई बोलू लागली. आवाज गोड होता, पण निकाल जाहीर करणाऱ्या मुख्याध्यापिकेसारखा.

'नवीन उपकरण सापडले आहे. प्रिंटर वापरासाठी तयार आहे.'

त्या क्षणी मला झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही, फक्त खाली जाऊन रखवालदाराला सांगितला. वर आलो तर फोटो छापून बाहेर येत होता. नातीचा दात तेवढा पांढरा आला होता. बाकी नात हिरवी. बायको फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की हा मुलीला पाठवू नका. काका रंगाचं सेटिंग शोधायला त्यांच्या मोबाइलवर बसले. तोवर हात रिकामा का ठेवा म्हणून मी इमारतीच्या कमिटीला एक पत्र टाइप करायला घेतलं.

पत्र वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंबद्दल होतं. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. मध्येच संगणकातली बाई म्हणाली की नवीन उपकरण सापडले आहे, दूरचित्रवाणी संच. आमचा टीव्ही बंद होता आणि इतका जुना की त्याला कुणी शोधून काढावं असं त्यात काही नाही. मी लक्ष दिलं नाही. मी मजकुरात रंगलो होतो.

पत्राचा शेवट जुळवत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात वकीलबाई. त्यांच्याकडे दोन पक्षकार आले होते, समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बातम्या अचानक गेल्या आणि पडद्यावर आधी एकाच दाताची मुलगी आली. मग पांढरा कागद आला. मग त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. आमच्या संगणकानं त्यांचा टीव्ही स्वतःचा दुसरा पडदा म्हणून जोडून घेतला होता आणि माझी तक्रार, माझ्या चुका आणि खाडाखोड यांच्यासकट, त्यांनी दोन पक्षकारांच्या साक्षीनं वाचली होती. मला वाटलं, आता कोर्ट.

वकीलबाई चढ्या आवाजात काही बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "कुंड्यांचं मी बघते. पण 'अत्यंत उद्धट' लिहिलं होतं, ते खोडून तुम्ही 'सुशिक्षित' केलंत. ते मला जास्त लागलं."

मी त्यांना बसा म्हणालो. त्या बसल्या नाहीत. आत जाऊन बायकोशी दोन मिनिटं हलक्या आवाजात बोलल्या आणि गेल्या. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलं, तर बायको म्हणाली, कुंड्यांचं.

या धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाममास्तर सापडले. मास्तर आमच्या भिंतीच्या पलीकडे राहतात आणि इमारतीच्या सभागृहात वजन कमी करण्याचे वर्ग चालवतात. मी खिडकीपाशी दाढी करत होतो. काका रंगाच्या सेटिंगची खबर घेऊन सकाळीच आले होते आणि चहा घेत होते. खाली पायऱ्यांवर मास्तरांचे विद्यार्थी वर्गाची वाट बघत उभे होते. बाई म्हणाली, नवीन उपकरण सापडले आहे, वजनकाटा. मग म्हणाली, एकोणनव्वद किलो चारशे ग्रॅम. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच म्हणाली, एकोणनव्वद किलो तीनशे ग्रॅम. काका म्हणाले, घड्याळ काढलं असणार. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, अठ्ठ्याऐंशी किलो नऊशे ग्रॅम. आता काय काढलं असेल याचा आम्ही विचार करायचं टाळलं.

खिडकी उघडी होती, हे मला खालून हशा ऐकू आला तेव्हा कळलं. मास्तर आले ते टॉवेल गुंडाळूनच. त्यांचा संताप झाला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. विद्यार्थ्यांना ते आपलं वजन बहात्तर सांगत आले होते. मी माफी मागितली, खिडकी लावली आणि संगणक तिथल्या तिथे बंद करायला निघालो. काकांनी हात धरला. म्हणाले, बंद करणं हा उपाय नाही, आवाज थोडा कमी करू. त्यांना त्या यंत्राचा आता अभिमान वाटायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर थोडासा मलाही. आमच्या कार्यालयाला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते आमच्या टेबलावर घडत होतं. सगळं आपोआप ओळखलं जात होतं.

आणि मग तो आवाज आला.

'नवीन उपकरण सापडले आहे. रक्तदाब मापक. एकशे शहात्तर, एकशे आठ.'

काकांच्या हातातला कप बशीवर वाजला. वजन काय, चार दिवस उपास केला की उतरतं. पण हा आकडा भलताच. या चार भिंतींच्या आसपास कुणीतरी माणूस एकशे शहात्तरवर बसलं होतं आणि त्याला ठाऊक तरी होतं की नाही कुणास ठाऊक. मी बायकोला हाक मारली. ती नॅपकिनला हात पुसत बाहेर आली. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, असेल कुणाचा तरी, घेत असतील औषध, तुम्ही ते यंत्र बंद करा आणि कामावर जा.

मला तिचं नवल वाटलं. एरवी गल्लीतल्या मांजराला काटा लागला तरी जिचा जीव खालीवर होतो, ती शेजारच्या माणसाच्या जिवाबद्दल इतकी थंड कशी? मी कामावर रजा कळवली. कारण काय लिहू, असं तिकडच्या कारकुनानं विचारल्यावर म्हणालो, मानवतेचं.

काका माझ्याबरोबर निघाले. त्यांच्या हिशेबानं सिग्नल पूर्ण भरलेला दिसत होता, म्हणजे माणूस अगदी जवळचा. आपल्या मजल्यावरचा तर नव्हे ना, असं मी म्हणालो, पण काका म्हणाले, छे, बिनतारी लहरी सरळ जात नाहीत, वर किंवा खाली जातात. मी यातला अडाणी. आम्ही वर गेलो.

एखाद्याच्या दारात उभं राहून 'तुमचा रक्तदाब एकशे शहात्तर आहे का' हे सभ्यपणे विचारायची पद्धत अजून निघालेली नाही. मी निरनिराळ्या तऱ्हांनी विचारून बघितलं. तब्येत कशी आहे म्हटलं, तर लोक मला आत बोलावून गुडघ्यांपासून सुरुवात करत. सरळ विचारलं, तर दार लागत होतं. एका आजोबांनी माझ्यासमोर जिन्याच्या चार पायऱ्या धावत चढून दाखवल्या आणि मग वर कठडा धरून उभे राहिले; त्यांना खाली आणायलाच आमचा बराच वेळ गेला. वकीलबाई म्हणाल्या की माझा रक्तदाब उत्तम होता, तुम्ही टाइप करायला बसेपर्यंत. मास्तरांनी तर दार उघडून मला बघितलं आणि न बोलता मिटून घेतलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला ती चमत्कारिक वाटली. मी आकडा सांगितला की बहुतेकांचा चेहरा उतरायचा, ते काकांकडे बघायचे, काका छताकडे बघायचे, आणि मग ते मला हळूच विचारायचे, वहिनींना विचारलंत का? वकीलबाईंनी विचारलं. मास्तरांनी दार पुन्हा किलकिलं करून विचारलं. आता वहिनींचा यात काय संबंध? तिला संगणकातलं काही कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. काका म्हणत होते, चला, पुढच्या मजल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाली, एकशे ब्याऐंशी, एकशे दहा.

आता मात्र माझा धीर सुटला. माणूस हाताबाहेर चालला होता. काकांनी अजून खालचे मजले राहिलेत म्हणून सांगितलं, पण मी त्यांचं न ऐकता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या इमारतीतल्या बहुतेकांना बघतात. बाकावर आठदहा माणसं होती; त्यांना ओलांडून, जिवाचा प्रश्न आहे असं सांगून मी आत शिरलो. कुणाच्या जिवाचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तेच शोधतोय.

मी सगळं सांगितलं. प्रिंटर, प्रशासक, हिरवी नात, सगळं. डॉक्टरीणबाई आधी हसत होत्या. आकडे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुमच्याच घरातल्या संगणकावर आलं? सिग्नल पूर्ण भरलेला?"

"हो."

"मला तर त्या फोनवर कधी एकशे चाळीसच्या वर सांगत नाहीत."

"कोण त्या?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिल्या. "तुम्हाला माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेस, अहो. वर्ष होत आलं, औषध चालू आहे. घरी जा आणि त्यांना लगेच घेऊन या. चालत नको, रिक्षानं आणा."

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. बाकावरच्या माणसांनी मला जागा करून दिली, म्हणजे चेहरा तसाच झाला असणार. रस्त्यावर नेहमीची दुकानं उघडत होती. किल्ल्या बनवणारा चाकावर किल्ली घासत होता, इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, आणि मला एकेक गोष्ट आता दिसायला लागली. कित्येक महिने घरात जेवण अळणी होतं. मी त्यावर तिला विसराळूपणाबद्दल छोटंसं व्याख्यान दिलं होतं आणि मिठाची बरणी ताटाशेजारी घेऊन बसायला लागलो होतो. ती संध्याकाळी गच्चीवर जायची. मला वाटायचं, कपडे काढायला. भाजी निवडताना ती मध्येच थांबून भिंतीला डोकं टेकायची. मी समोरच असायचो. माझं तेव्हा काहीतरी चाललेलं असायचं. रक्तदाबाचं माणूस मी सगळ्या मजल्यांवर शोधलं. स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं.

घराचं दार काकांनीच उघडलं. माझा चेहरा बघून ते भिंतीला चिकटले. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. दंडाला निळा पट्टा, ओट्यावर साखरेच्या डब्यामागे छोटं यंत्र. ते घरघरून थांबलं आणि बाहेरच्या खोलीतून ती बाई गोड आवाजात म्हणाली, एकशे एकोणऐंशी, एकशे आठ.

बायकोनं पट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"गेल्या वर्षी माझा गुडघा दुखत होता, आठवतंय?"

आठवत होतं. गुडघ्याला ताण देण्यासाठी मी न्हाणीघराच्या छताला कप्पी बसवली होती. पहिल्याच दिवशी ती छताच्या तुकड्यासह खाली आली आणि माझ्या खांद्याला चार टाके पडले.

"गुडघा माझा होता," ती म्हणाली. "पण महिनाभर लोक येऊन तुमची विचारपूस करत होते. मी लंगडत त्यांना चहा करून देत होते. या वेळी मला नुसतं आजारी पडायचं होतं. शांतपणे. तुम्ही त्यात काही बसवू नये, इतकंच."

मी म्हणालो, मग इमारतभर कसं माहीत? तेव्हा हळूहळू बाहेर आलं. वकीलबाई येताजाता औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून देत होत्या. व्यायाममास्तर गच्चीवर तिला चालण्याचा व्यायाम शिकवत होते, तोही विनामूल्य. आणि या माणसाचं वजन मी खिडकी उघडी ठेवून जाहीर केलं होतं. रक्तदाबाचं यंत्र हवं होतं, ते मागवून दिलं होतं काकांनी.

मी वळून काकांकडे बघितलं. दोन दिवस हा माणूस माझ्याबरोबर जिने चढला उतरला होता. बिनतारी लहरी वर आणि खाली जातात म्हणून त्यांनीच मला सांगितलं होतं.

"वहिनींनी शपथ घातली होती," काका खाली बघत म्हणाले. "पण आकडे इतके चढलेत हे मला ठाऊक नव्हतं, खरंच. मला वाटलं होतं एकशे चाळीस. त्या सगळ्यांना एकशे चाळीसच सांगतात." मग, सवयीनं असेल, ते पुटपुटले की यंत्र मीच सेट करून दिलं होतं, त्यालाही 'नेहमी जोडावं' करून ठेवलं होतं.

बायकोनं डॉक्टरांना खोटा आकडा का सांगितला, हे मी रिक्षात विचारलं. ती म्हणाली, मोठा आकडा सांगितला असता तर त्यांनी नवऱ्याला घेऊन या म्हणून सांगितलं असतं. यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. मी रस्त्याकडे बघत बसलो. तिचा हात मांडीवर होता, तो मी धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

डॉक्टरीणबाई तिच्यावर रागावल्या, बऱ्याच रागावल्या. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर मी तुम्हाला वेगळ्या ठिकाणी भेटले असते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बायकोनं मान खाली घातली. गोळ्या बदलल्या, काही तपासण्या लिहून दिल्या, आणि मग जाता जाता, इथे आलाच आहात तर, म्हणून त्यांनी माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला.

यंत्र फुगलं, सुस्कारलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग बाहेरून दुसरं यंत्र मागवलं. मी विचारलं, बिघडलंय का? त्या म्हणाल्या, यंत्र ठीक आहे. माझा आकडा बायकोपेक्षा आठानं जास्त होता.

मी इतका हादरलो की मला हसू आलं. माझी तब्येत हा आमच्या घरात कधी चर्चेचाच विषय नव्हता. ती उत्तमच असणार, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. बायको मात्र त्या क्षणी पहिल्यांदा ताठ बसली. तिनं डॉक्टरांना माझ्या मिठाच्या बरणीविषयी सांगितलं, माझ्या झोपेविषयी सांगितलं, माझ्या कप्पीविषयीही सांगितलं. परतताना ती रिक्षातून उतरली आणि मी सुटे काढेपर्यंत तिनं रखवालदाराला माझा आकडा सांगितलेला होता. संध्याकाळपर्यंत वकीलबाई येऊन गेल्या. मास्तर गच्चीवरच्या वेळा सांगून गेले. आपल्या वजनाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, मी काढू पाहिला तर विषय बदलला. जिने धावत चढणारे आजोबा आले आणि कठडा धरून म्हणाले की तुमचा चेहरा बघूनच मला शंका आली होती.

नातीचा फोटो आम्ही कोपऱ्यावरच्या स्टुडिओत छापून घेतला. मीच गेलो. काका संगणकाचं काय करायचं म्हणून विचारायला आले होते, तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणालो की त्याला काही दिवस कुणी हात लावू नका.

आता रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसतो. स्टूल एकच आहे, म्हणून ती स्टुलावर आणि मी बैठकीतली खुर्ची ओढून आणतो. आधी ती स्वतःचा रक्तदाब घेते, आकडा मला दाखवते, मग पट्टा माझ्या दंडाला बांधते. पट्टा कुठे बांधायचा, हात किती उंचीवर ठेवायचा, याबद्दल माझ्या काही सूचना असतात. पहिल्याच दिवशी मी एक सूचना केली, तेव्हा तिनं सांगितलं की मोजण्याआधी पाच मिनिटं अजिबात बोलायचं नसतं, डॉक्टरांनी सांगितलंय. मोजताना तर नाहीच नाही.

मी गप्प बसलो. खिडकीबाहेर कुणाच्या तरी घरी कुकर लागला होता. ओट्यावर फडकं वाळत होतं. तिच्या कानामागचे केस पांढरे झालेत, ते मला दिसलं, आणि ते सांगावंसं वाटलं, पण अजून वेळ झाली नव्हती. मग यंत्र घरघरलं, पट्टा आवळत गेला आणि सैल झाला. तिनं आकडा बघितला आणि यंत्र स्वतःकडे वळवून घेतलं.

"किती?" मी विचारलं.

"बोललात," ती म्हणाली, आणि तिनं पट्टा पुन्हा आवळला. "आता परत पाच मिनिटं."